तिरकी रेघ

मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १८३४. बीड

कडप्याकडच्या लिहायच्या पाट्यांच्या खाणीवर मुकादम होतो तेव्हा रोज संध्याकाळी दगडाबद्दल चार ओळी खरडायची सवय लागली. बीडला येऊन दोन महिने झाले, पण वही उघडली नव्हती. भावाच्या किराणा दुकानात बसून गूळमिठाबद्दल काय लिहिणार, कपाळ? आज लिहितो, कारण आज दगड आला.

लिंबागणेशचे अर्जुनराव पाटील दुकानात तेल न्यायला आले होते. त्यांच्या मळ्यात नवी विहीर चाललीय. धोतराच्या सोग्यातून त्यांनी एक चपटा, करडा तुकडा काढून माझ्यापुढे टाकला. "आप्पा, तुमी पाट्याच्या खाणीवर होतात म्हणं. हे बगा बरं, आमच्या हिरीत निगालंय." मी नख घातलं तर तुकड्याचे दोन पापुद्रे झाले. गुरुपादअण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गिऱ्हाइकाची पुडी बांधता बांधता म्हणाला, आता याला जेवण जाणार नाही. खरंच गेलं नाही.

खाणमालकाने माझी जागा शिवरात्रीपर्यंत राखून ठेवलीय. तोवर गेलो नाही तर दुसरा मुकादम येईल. दुकानावर दोन कुटुंबं जगत नाहीत हे अण्णा बोलून दाखवत नाही, पण मला डोळे आहेत. जावं तर लागणार. माझी बायको शिवम्मा मात्र तिकडे पुन्हा पाय ठेवायला तयार नाही. गेल्या भाद्रपदात आमची उमी तिकडे तापाने गेली. एकुलती एक. आमच्या लिंगायत रीतीने तिला बसवून माती दिली. तिची पाटी, जी मी स्वतः घासून गुळगुळीत करून दिली होती, ती कापडात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवली. शिवम्मानेच ठेवली. त्या जागेपासून आम्ही पळून आलोय. पाटीचा दगड इथेच निघाला तर परत जायला नको. एवढंच मला हवंय.

मार्गशीर्ष शुद्ध ७

बैलगाडीने लिंबागणेशला जाऊन आलो. वाटेत खोकल्याने जीव नकोसा केला. या रस्त्याला धूळ फार.

विहिरीत उतरलो. वर मुरूम, मग काळा पाषाण, त्याखाली हातभर जाडीचा हा करडा थर आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाण. सुरुंग लावायला गहिनीनाथ नावाचा माणूस आहे, त्याची बायको छबुबाई दगड वाहते. गहिनीनाथ थट्टेखोर. म्हणाला, "आप्पा, धरतीमायनं पापड लाटून दोन दगडांत दडवलेत जणू." मी हसलो. पण खरं सांगायचं तर उतरलो तेव्हाच मनात पाल चुकचुकली. खाणीवर तपासणीला येणारे साहेब म्हणायचे की बालाघाटाचा सगळा दगड म्हणजे जमिनीतून उकळत वर येऊन थिजलेला रस आहे, पिठल्यासारखा ताटात ओतलेला. तो जसा पसरला तसाच पडून आहे, त्याला बाजूने कुणी कधी दाबलेलं नाही. आणि दाबल्याशिवाय पाटी होत नाही.

पोतंभर नमुने गाडीत टाकून आणले.

मार्गशीर्ष शुद्ध ९

अण्णाला वाटतं, जो दगड पातळ निघतो तो पाटीचा. आज त्याला गोदामात नेऊन शिकवलं. थर वेगळा आणि फाट वेगळी. गाळ पाण्यात बसत गेला की थर होतात. मग डोंगर सरकतात, तो गाळ दोन्ही बाजूंनी चेपला जातो, आणि त्यात दाबाच्या आडवी नवी फाट पडते. जुन्या थराशी तिला काही देणंघेणं नसतं.

अण्णा म्हणाला, दाबल्यावर घट्ट व्हायला पाहिजे, फाटेल कावून? मी पावसाळ्यापासून एकमेकींवर रचलेल्या गुळाच्या ढेपांपैकी दोन ओढून वेगळ्या केल्या. जिथे त्या टेकल्या होत्या तिथला गूळ दमट हवेत विरघळून ओघळून गेला होता, आणि मधे न विरघळणारी काळी मळी तेवढी रेघेसारखी उरली होती. दगडातही असंच होतं. दाब असेल तिथलं विरघळण्यासारखं पाण्याबरोबर निघून जातं, मागे काळे बारीक पापुद्रे उरतात. गाळातले उरलेसुरले कणही फिरून दाबाला पाठ देऊन निजतात. मग दगड त्याच अंगाने फाटतो, पिढ्यान्‌पिढ्या. अण्णाने ढेपेची मळी चाटून पाहिली आणि म्हणाला, तू माझा गूळ खराब करू नको.

खरी पाटी ओळखायची खूण एकच. जुन्या थराची रेघ पाटीच्या तोंडावरून तिरकी गेलेली दिसली पाहिजे. ती रेघ नुसती कडेला, फाटीला समांतर असेल तर ती फाट नव्हेच, तो थर सुटतोय. असा दगड आज निघेल, उद्या भुगा होईल.

मार्गशीर्ष शुद्ध १०

सकाळपासून अंगणात बसून पोतंभर दगड एकेक फोडून पाहिला. एकाही तोंडावर रेघ नाही. सगळ्यांच्या कडेलाच.

संपलं. शिवम्माला सांगितलं की संक्रांत झाली की निघायचं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. नंतर तिने एवढंच विचारलं की कशी रेघ पाहिजे होती. तिला बरं वाटावं म्हणून मी राखेत बोटाने काढून दाखवली. दगडातलं तिला काय कळणार, पण तिने नीट पाहून घेतली.

मार्गशीर्ष शुद्ध १२

देव आहे.

शिवम्मा ते पोतं परसात रिकामं करत होती. तळाशी एक तुकडा राहिला होता, तो घेऊन माजघरात आली. "ह्यो बगितला का तुमी?" तळहातापेक्षा थोडा मोठा. तोंडावरून तिरकी रेघ, स्वच्छ, कुणी पट्टी लावून ओढल्यासारखी! डोळ्यांत पाणी आलं ते लपवलंही नाही.

एका कडेला हिरवट डाग आहे, अर्धा तुटलेला. हे ठिपके मुळात गोल असतात, दाबाने लांबट होतात. उमीच्या पाटीवर असाच एक होता, ती त्याला मोराचा डोळा म्हणायची. म्हणजे तोच दाब, तोच दगड. एक तोंड नवलाईचं गुळगुळीत आहे, पण विहिरीच्या झिरप्याने ते घासलं गेलं असणार. रंगही इतरांपेक्षा गडद आहे. ओल.

शिवम्माला म्हणालो, तुझ्या हाताला यश आहे. ती काही न बोलता पोतं झटकायला गेली. आनंद झाला की ही बाई अशीच गप्प होते.

पौष शुद्ध ३

अर्जुनरावांना पटवायला तीन फेऱ्या झाल्या. त्यांना पाणी हवंय, पाटी नाही. शेवटी त्यांच्या ओसरीवर कणीक मागवली, तिच्यात गव्हाचा कोंडा मिसळला आणि दोन पाटांमध्ये दोन्ही बाजूंनी चेपून दाखवली. कापल्यावर कोंड्याचे सगळे पापुद्रे एका रांगेत उभे. पाटलीणबाई सत्यभामाबाई दाराआडून म्हणाल्या की कणकेची नासाडी झाली. पण पाटील वाकून पाहत राहिले. मी खिशातून तो तुकडा काढला. "असा दगड आत भरलाय. निजामसरकारच्या सगळ्या शाळा-मदरशांत तुमच्या मळ्याची पाटी जाईल."

त्यांनी विहीर खोल न्यायचं थांबवून थराच्या अंगाने आडवं शिरायला हुकूम दिला. तहसिलीतला परवान्याचा कागद ते बघतील. परतताना एवढा हलका होतो की घाटात गाडीतून उतरून चालत आलो. मग खोकला आला आणि पुन्हा बसलो.

पौष वद्य ५

मुक्काम लिंबागणेशलाच, पाटलांच्या मळ्यातल्या छपरात. शिवम्माही आलीय. करडा थर मऊ, पहारीने भसाभस निघतो. वरचा काळा पाषाण तसाच ठेवून गहिनीनाथ खालून पोखरत कपारीत शिरतो. ओल्या पाट्या सुंदर सुटतात. तिरकी रेघ अजून नाही. आत असेल. तो एक तुकडा काही आकाशातून पडला नाही.

रात्री छाती भरते. शिवम्मा गरम तेल चोळते. इथे येण्याआधी तिने हट्टाने बीडच्या हकीमसाहेबांकडे नेलं, अण्णाही सोबत होता. त्यांनी पाठीला कान लावून किती वर्षं दगड घासले ते विचारलं, आल्याचा रस आणि मध दिला, आणि अण्णाला बाहेर नेऊन बराच वेळ बोलले. दुकानातला चांगला मध हवा असेल. तेव्हापासून अण्णा माझ्याशी गोड बोलतो, हे मला आवडत नाही.

माघ शुद्ध ११

उन्हात मांडलेल्या पाट्या वाळून कडेने वळल्या. संध्याकाळी हात लावला तर हातात चुरा. छबुबाई म्हणाली, "पापडच हायेत वो हे, आप्पा, तळून खावा." सगळे हसले, मीही हसलो, पण मला तिचा राग आला.

वरवरचा भाग हवेने कुजलेला असतो. आत गेलं पाहिजे.

शिवम्मा आज जेवताना म्हणाली, आता बस करा, दुकानात बसा, अण्णा न्हाई म्हणायचे न्हाईत. मी विचारलं, तूच तर तो तुकडा शोधलास, आता तूच हातपाय गाळतेस? ती ताट घेऊन उठली.

माघ वद्य १४, महाशिवरात्र

उपास. लिंगपूजेला बसलो तेव्हा मनात दगडच. आज मुदत संपली. खाणमालकाला येत नाही म्हणून आधीच कळवलं होतं. मागे जायचा रस्ता राहिला नाही, याचं मला दडपण वाटायला हवं होतं. शिवम्माचा चेहरा मात्र आज मोकळा दिसला. तिने महादेवाला बेल वाहिला आणि किती तरी दिवसांनी माझ्याशी उमीबद्दल बोलली, ती बेलाची पानं कशी कानात घालायची ते.

फाल्गुन शुद्ध ६

लिहवत नाही.

काल सकाळी गहिनीनाथ म्हणाला, वरच्या दगडाला बारीक चीर गेलीय, टेकू देऊ. लाकूड आणायला बाभळी तोडायच्या होत्या, म्हणजे दिवस मोडला असता. मी म्हणालो की आजचा हात मारून घे, उद्या टेकू देऊ. त्याला तो तुकडा पुन्हा दाखवला. तो म्हणाला, "तुमी म्हणता तर जातो." आणि गेला.

दुपारी वरचा पाषाण खाली बसला. आवाज फार मोठा झाला नाही. त्याला बाहेर काढायला दिवस मावळला. छबुबाई विहिरीच्या काठावर उभी होती, तिच्या डोक्यावर टोपलं तसंच होतं.

फाल्गुन शुद्ध १०

मजूर येत नाहीत. पाटील घरातून बाहेर पडत नाहीत. मी ठरवलंय की उद्या स्वतः आत जायचं. कोसळल्यामुळे थराचा आतला भाग उघडा पडलाय, तिथे पाहिलं पाहिजे. दगड तिथे असला तर गहिनीनाथ फुकट गेला असं होणार नाही. नसला तर काय, हे मी लिहीत नाही.

तेच, संध्याकाळी

पहार काढून ठेवली होती. शिवम्मा तिच्यावर बसली. उठ म्हणालो तरी उठेना.

"त्यो तुकडा हिरीतला न्हाई," ती म्हणाली. "उमीच्या पाटीचा हाय."

मी म्हणालो, वेड लागलंय तुला, पाटी तिच्या मांडीवर आहे, मी पाहिलीय.

"कापडात अर्धीच व्हती. अर्धी मोडून मी लुगड्याच्या घडीत आणली. तुमी जायाचं काढलं. तिकडं गेला असता तर तुमी बी तिच्याजवळच गेला असता, खोकून खोकून. मला ते कळत व्हतं, तुमाला कळत नव्हतं. म्हणलं, एक दगडच तर दावायचा हाय." मग म्हणाली, "माणूस मरंल हे मला कावून ठावं असंल?"

मी तुकडा कंदिलाजवळ नेला. ते गुळगुळीत तोंड. ते पाण्याने घासलेलं नाही, मी घासलंय, उमी शेजारी बसून लवकर करा म्हणत होती तेव्हा. अर्धा हिरवा डाग म्हणजे अर्धा मोराचा डोळा. हजारो पाट्या माझ्या हाताखालून गेल्या, रेघेवरून दगडाची जात सांगणारा म्हणून माझं नाव होतं, आणि स्वतःच्या लेकीची पाटी मी ओळखली नाही. ओळखायची नव्हती म्हणून ओळखली नाही.

तिला मारावंसं वाटलं. मग तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. खोकला आला, फडक्यावर लाल दिसलं. तिने फडकं हातातून घेतलं आणि घडी घातली. तिला ते नवं नव्हतं.

फाल्गुन शुद्ध १२

पाटलांना सांगितलं की दगड नाही, माझा अंदाज चुकला. तुकड्याबद्दल बोललो नाही. ते म्हणाले, "आप्पा, तुमचं इल्म आमाला लई महाग पडलं." आवाज चढवला नाही. विहीर बुजवायला सांगणार आहेत, माणूस गेलेल्या विहिरीचं पाणी त्यांना नको.

शिवम्मा छबुबाईकडे पीठ घेऊन गेली होती, सगळं सांगून टाकते म्हणून. छबुबाईने तिलाच जवळ घेऊन रडून घेतलं आणि म्हणाली, तुमच्या बी मालकाची तब्येत बरी न्हाई, जपा त्यास्नी. शिवम्मा तशीच परत आली. मी म्हणालो, उद्या मी जातो. गेलो नाही.

चैत्र शुद्ध ३, शके १८३५. बीड

दुकानाच्या माडीवर खाट टाकून दिलीय. जिना उतरवत नाही. आता मुदतही नाही आणि खाणही नाही. शिवम्माला हवं होतं ते झालं, मी इथेच राहिलो. तिला असं हवं होतं म्हणून नव्हे, पण झालं तेच.

अण्णाला आज सरळ विचारलं की हकीम काय म्हणाले होते. तो खाली गिऱ्हाईक आलंय म्हणाला. दुकान बंद होतं.

दिवसभर तो तुकडा हातात असतो. मला अजून त्याचं कौतुक वाटतं, याची लाज वाटते. इथला दगड पाहावा तर कुणी चेपलेला नाही, जसा पडला तसा आडवा निवांत. फाटली ती आम्ही माणसं, आणि आमच्यातलं जे गोड होतं ते गेलं कुठे ते कळलंही नाही.

चैत्र वद्य ८

धाप लागते, म्हणून थोडंच.

सकाळी शिवम्मा तेल चोळत होती. मी तिला सांगितलं की मला बसवाल तेव्हा हा तुकडा माझ्या मांडीवर ठेव. अर्धा उमीजवळ आहे, अर्धा माझ्याजवळ राहील. मला वाटलं ती रडेल आणि हो म्हणेल.

तिने तेलाची वाटी खाली ठेवली. माझ्या हातातून तुकडा काढून घेतला, पदराने पुसला.

"मंग माझ्याजवळ काय ऱ्हाईल?" ती म्हणाली.

तिने तो कमरेला खोचला आणि छातीला तेल लावायला पुन्हा वाटी उचलली.